बोट जाईल एवढी फट

१४ ऑक्टो. २००५, शुक्र.

पट्टी परत तडकली. मागच्या खेपेला मी स्वतःच्या हातानं लावलेली, वर पेन्सिलीनं तारीख टाकलेली. छपराच्या भेगेवर आडवा जिप्सम थापायचा आणि वाट बघायची, एवढं साधं काम. छप्पर हललं की पट्टी तुटते. पट्टी तुटली, म्हणजे छप्पर हलतंय. बोंबला.

समुद्राकडून वारा असा की टॉर्च धरलेला हात बधिर झाला. आत कबुतरं, आइस्क्रीमच्या काउंटरचा तुटका संगमरवर, आणि मधोमध चार लोखंडी टेकू. वर ते छप्पर. दोन कोपरे जमिनीला टेकलेले, दोन आभाळात उचललेले, झटकलेला रुमाल हवेतच थांबावा तसं. जाडी माझ्या वितीच्या निम्मी पण नाही. पूर्व जर्मनी नावाचा देश होता तेव्हा बांधलेलं हे किनाऱ्यावरचं कॅफे. देश गेला, कॅफे बंद पडलं, छप्पर तेवढं राहिलं.

आता गावाला इथं वर समुद्र बघायला गॅलरी आणि खाली लग्नं लावायचं सरकारी ऑफिस काढायचंय. श्टांडेसआम्ट. आपलं मंगल कार्यालयच, फक्त पंगत नाही. बुर्गरमाइस्टर बाई, म्हणजे इथल्या नगराध्यक्षा, उत्साहानं नुसत्या फसफसतायत. दुसरा गट म्हणतो पाडून टाका, पार्किंग करा. आणि निकाल कुणाच्या शब्दावर, तर आमच्या प्रो.च्या. म्हणजे माझ्या. मिरजेची मुक्ता जाधव, पीएचडीचं तिसरं वर्ष, नाक गळतंय.

१५ ऑक्टो., शनि.

मुक्काम नेहमीसारखा हार्म्सबाईंकडे. वरची खोली, फुलाफुलांची चादर, खिडकीतून छप्पर दिसतं. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्या कॅफेत आइस्क्रीम विकण्यात घालवली. नवरा, होर्स्ट, तिथलाच हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीचा राखणदार. दोघं तिथंच भेटले. तो गेल्यापासून किल्ली बाईंच्या एप्रनच्या खिशात असते. गावानं कधी परत मागितली नाही.

रात्रीच्या सुपावर विचारलं, "फ्राउ याधाव, कसं आहे आमचं छप्पर?" (फ्राउ म्हणजे बाई. ज ला य म्हणतात. आता सवय झाली.)

थाप मारायला हवी होती. मला जमत नाही. म्हटलं, "भेग वाढतेय. सारखी वाढतेय."

चमचा खाली ठेवला. "ना या," म्हणाल्या, म्हणजे असो. बटाट्याचं पातेलं पुढं सरकवलं. मला उगाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ ऑक्टो., शुक्र.

दोन पट्ट्या गेल्या. एक नाही, दोन! मधे वादळ नाही, थंडीचा कडाका नाही. मग हलतंय कशानं? डोकं फिरायची वेळ आलीय. संगणकातलं छप्पर शहाण्यासारखं उभं राहतं आणि खरं छप्पर माझ्या नाकावर टिच्चून हलतं.

हार्म्सबाईंना परत सांगितलं. विचारतातच तर काय करू. हीटरवर हातमोजे वाळत घातलेले, तळव्यांना गंजाचे तपकिरी डाग. या वयात बागेत राबतात. आईला सांगायला हवं, ती गुडघ्यांचं रडगाणं बंद करेल.

१ नोव्हें., मंगळ. बर्लिन

लक्ष्मीपूजन. आईचं पार्सल वेळेत पोचलं, चकल्यांचा पार भुगा. चमच्यानं खाल्ल्या. खोलीत पणती लावायला घरमालकाची बंदी (धुराचा अलार्म), म्हणून खिडकीत टेबललॅम्प. छान दिवाळी.

बाबांचा फोन. त्यांना छपराची सगळी हकिकत पाठ. जन्मभर स्लॅब ओतत आलेला माणूस, त्यांना पुतणीच्या लग्नापेक्षा माझ्या भेगेत रस. "वजन वाढलंय का वर? नाही? मग खाली काय चाललंय बघ."

खाली काय चालणार, कबुतरं! म्हटलं, बाबा, इथलं वेगळं असतं. असं बोलल्यावर ते फोन आईकडे देतात. मग मला वाईट वाटतं. आणि मग त्याचाच राग येतो.

३ नोव्हें., गुरु.

प्रो.च्या खोलीत बसून पत्र केलं. "हालचाल सुरू आहे, कारण अज्ञात, सार्वजनिक वापरास योग्य नाही." सही त्यांची, वाक्यं माझी. प्रो. म्हणाले, "आल्झो (म्हणजे 'तर'), कारण माहीत नसलेलं छप्पर लोकांच्या डोक्यावर ठेवता येत नाही." गेनाऊ. बरोबरच आहे त्यांचं.

पत्र पोस्टात पडलं. पाडणाऱ्यांना आयतं कोलीत दिलं मी. आता २२ ला गावाची सभा.

१२ नोव्हें., शनि. किनारा

आधी हे लिहून टाकते.

सकाळी नाश्त्याला हार्म्सबाई मूडमध्ये. अंडं सोलता सोलता म्हणाल्या, "घाबरू नका, फ्राउ याधाव. काल संध्याकाळी जाऊन मी परत घट्ट केलेत."

"काय घट्ट केलंत?"

"टेकू."

दार उघडून बूट ठेवायच्या कोनाड्यातून एक लोखंडी दांडा काढून दाखवला. होर्स्टचा. टेकूच्या मधे स्क्रू असतो, त्याच्या भोकात दांडा घालायचा आणि फिरवायचा, टेकू वर चढतो. होर्स्ट दर हिवाळ्याआधी एकदा करायचा. तो गेल्यावर त्या करायला लागल्या. वर्षातनं एकदा.

"आणि आता?"

"आता तुम्ही म्हणता भेग वाढतेय. म्हणून तुम्ही सांगितलंत की दर वेळी जाते. या वयात जोर पुरत नाही, पण दांड्यावर लोंबकळलं की फिरतं." आणि हसल्या. शाबासकी मागणाऱ्या पोरीसारख्या.

मी ब्रेडचा घास तोंडात घेऊन तशीच. म्हणजे मी सांगायचं वाढतेय, मग त्या जाऊन आवळायच्या, मग पट्टी तुटायची, मग मी येऊन परत सांगायचं वाढतेय. देवा! छप्पर हलत नव्हतं. आम्ही दोघी मिळून हलवत होतो.

त्यांना नुसतं "फाइन," म्हटलं आणि वर येऊन बसलेय.

१३ नोव्हें., रवि.

पहाटेच बाहेर. जमिनीला टेकलेल्या कोपऱ्यावरून सरळ छपरावर चढून जाता येतं, पोरंटोरं चढत असणार. वरचा डांबरी थर चाकूनं सोलला. आधीच सोलायला हवा होता, पण वॉटरप्रूफिंगला हात लावायची परवानगी नव्हती, आणि मीही शहाणी, नियमाची पक्की.

भेग वरून रुंद आहे. खालून केस, वरून माझं नख जातं. खालून कुणी ढकललं तरच असं होतं. हे छप्पर दोन कोपऱ्यांवर स्वतःचं स्वतः उभं राहायला बनवलेलं आहे. त्याच्या पोटात चार लोखंडी खांब खुपसून वर रेटायचं, तेही वर्षानुवर्षं, दर हिवाळ्याआधी, प्रेमानं... फाटेल नाहीतर काय!

बाबा म्हणाले होते, खाली काय चाललंय बघ. म्हणाले होते.

दुपारी सांगितलं हार्म्सबाईंना. स्वयंपाकघरात. त्या कप विसळत होत्या. माझं जर्मन अशा वेळी दगा देतं, नको तेवढं सरळ बाहेर पडतं. म्हटलं, टेकूंनी आधार नाही दिला, इजा केली. भेग आवळल्यामुळे वाढली.

नळ चालूच राहिला. त्या वळल्या.

"म्हणजे होर्स्टनंही?"

मला हो म्हणायचं नव्हतं. पण मी होकारार्थी मान हलवली. आग लागो माझ्या खरं बोलण्याला.

नळ बंद केला. कप पुसला, जागेवर ठेवला. "मी जरा आडवी होते," म्हणाल्या. संध्याकाळी माझं जेवण जिन्यात ताटावर झाकून ठेवलेलं. स्वतः आल्या नाहीत.

१४ नोव्हें., सोम. बर्लिन

प्रो. आधी भडकले. मग कागद घेऊन स्वतः गणित केलं. मग खुर्चीत मागं रेलून छताकडे बघत बसले. "टेकू सैल केले तर उभं राहील?"

"राहील."

"खात्री?"

"आकड्यांत आहे."

"फ्राउ जाधव, मी आकड्यांबद्दल विचारत नाहीये."

ते एकटेच मला ज नं हाक मारतात. म्हटलं, हो. बाहेर येऊन संडासात जाऊन रडले थोडी. सैल केल्यावर खरंच खाली आलं तर? इतकी वर्षं त्या टेकूंवर रेललेलं छप्पर, त्याला स्वतःच्या पायावर उभं राहणं आठवतंय का, हे कुठल्या आकड्यात असतं?

२२ नोव्हें., मंगळ. किनारा

सभा. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, सगळं गाव. पार्किंगवाल्यांनी आमचं पहिलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. माझीच वाक्यं. कान गरम झाले.

मी उठून दुसरी बाजू मांडली. टेकू उतरवा, भेग थांबेल. पहिल्या रांगेतला एक टकलू: "तीन आठवड्यांपूर्वी कारण अज्ञात होतं. आज अचानक ज्ञात? हे टेकू आवळले कुणी, भुतानं?"

नाव घ्यायचं नाही असं ठरवूनच गेले होते. म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. हॉलमध्ये हशा. गेलं सगळं, असं वाटलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज. हार्म्सबाई. चांगला कोट घातलेला, एप्रन नाही.

"मी आवळले. माझ्या आधी होर्स्टनं. आम्हाला वाटलं आपण धरून ठेवलंय."

बसल्या. कुणी हसलं नाही. टकलूनं कागद नीट करायला घेतले.

शेवटी जर्मन तोडगा: टेकू सैल करायचे, पण काढायचे नाहीत. छपराखाली बोट जाईल एवढी फट ठेवून तसेच उभे. हिवाळाभर बघायचं. पट्ट्या टिकल्या तर वसंतात टेकू बाहेर, गॅलरी आणि लग्नाचं ऑफिस सुरू. तुटल्या तर पाडायचं. बुर्गरमाइस्टर बाईंनी बेकरीवाल्याच्या पोरीला मे महिन्यातला मुहूर्तही देऊन टाकलाय. पहिलं लग्न. घाई बघा!

परत येताना बाईंबरोबर अंधारात चालले. दारात बूट काढताना म्हणाल्या, "सूप गरम करू?"

हायसं वाटलं, इतकं की मी दोनदा घेतलं.

८ डिसें., गुरु.

उद्या टेकू सैल करायचे. जेवण गेलं नाही.

बाबांना फोन. त्यांच्या सगळ्या जन्माचा नियम: स्लॅबचं सेंटरिंग काढायच्या दिवशी बाबा खाली उभे. मजूर फळ्या ठोकून काढतायत आणि हे मधोमध, हात मागं बांधून. मी लहानपणी बघितलंय, आई देवाजवळ बसून असायची. "माझा भरवसा नाही तर गवंड्यानं का ठेवावा," म्हणायचे.

म्हटलं, "मी उद्या खाली उभी राहणार, बाबा."

म्हणाले, "मी राहायचो ते वेगळं. तू बाहेर थांब."

"वेगळं काय त्यात?"

"माझी पोरगी नसायची खाली."

फोन आईकडे दिला त्यांनी.

९ डिसें., शुक्र.

उभी राहिले.

कंत्राटदाराची दोन माणसं, हेल्मेट, आणि मी. मुकादम म्हणाला फर्बोटन, निषिद्ध, बाहेर व्हा. म्हटलं, तुमची माणसं माझ्या आकड्यांवर आत आहेत, मी बाहेर जाणार नाही, काय करायचं ते करा. एवढ्या जोरात बोलले की कबुतरं उडाली. मग तो नुसताच बडबडत राहिला.

काचेपलीकडे प्रो., बुर्गरमाइस्टर बाई, निम्मं गाव. एका टोकाला हार्म्सबाई, दोन्ही हात काचेवर टेकवून.

थोडं थोडं, चारही टेकू आळीपाळीनं. पहिल्या फेऱ्यांना काहीच नाही. मग वर कुठंतरी "टक्". कुल्फीची काडी मोडावी तसा, बारीक. एक माणूस थांबला, माझ्याकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसलेली, पण तोंडावर दाखवायची सोय नव्हती. "वायटर," म्हटलं. चालू द्या.

छप्पर खाली आलं. डोळ्यांना दिसलं नाही, पण मोजायच्या काट्यानं सांगितलं, येतंय, येतंय. जीव मुठीत. आणि मग काटा थांबला. टेकू आणखी खाली गेले, छप्पर त्यांच्यामागं आलं नाही. मधे फट पडली. उजेड दिसला त्यातून.

मी बोट घातलं. गेलं. हसत होते की रडत होते मला माहीत नाही, प्रो. म्हणतात दोन्ही.

बाबांना मिस्ड कॉल दिला. उभी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिकडून लगेच उलट मिस्ड कॉल.

१० डिसें., शनि.

नव्या पट्ट्या लावल्या. भेग वरून मिटत आलीय.

डोकेदुखी संपत नाही. टकलूनं आणि नगरपालिकेनं धोशा लावलाय: किल्ली हार्म्सबाईंकडून काढून घ्या. टेकू अजून उभे आहेत, स्क्रू शाबूत, म्हातारीला परत उमाळा आला तर? प्रो.सुद्धा त्यांच्याच बाजूचे. "समंजसपणाचं ठरेल."

मी नाही म्हटलं. वादळात मरायला तिथं जाणारं या गावात दुसरं आहे कोण? पट्टी तुटली तर मला कळवणार कोण, टकलू? भांडले. प्रो. म्हणाले, "ठीक. पण जबाबदारी तुमची." माझी तर माझी. म्हटलं खरं, पण आतून धाकधूक आहेच. सवय काय माणसाला सोडते?

निघताना बाईंनी होर्स्टचा दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "बर्लिनला घेऊन जा. घरात असला तर हात जाईल."

मी माझा जुना मोबाइल त्यांना दिला. हिरवं बटण, लाल बटण. तीनदा शिकवलं. "पट्टी बघायची, टेकूच्या फटीत बोट घालून बघायचं, मला फोन करायचा. बाकी काही नाही."

"बाकी काही नाही," त्या म्हणाल्या.

ट्रेनमध्ये मांडीवर लोखंडी दांडा. तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं नाही, पण बघितलं.

७ जाने. २००६, शनि. बर्लिन

हार्म्सबाईंचा फोन, आठवड्याचा. पट्ट्या शाबूत. बोट जातं. बाबांची चौकशी केली, "ते अजून उभे राहतात का खाली?" मी मागं कधीतरी सांगितलेलं, लक्षात ठेवलंय. म्हटलं, निवृत्त झालेत, आता सोसायटीच्या टाकीवर लक्ष ठेवतात. हसल्या. बेकरीवाल्याच्या पोरीचा झगा शिवायला गेलाय म्हणे.

दांडा कपाटामागं. रात्री झोपताना दिसतो.

२० जाने., शुक्र.

सकाळपासून रेडिओवर ओस्टसेच्या, म्हणजे बाल्टिक समुद्राच्या, वादळाची ताकीद. तिथल्या शाळा बंद. कामात लक्ष नाही. जेवणाच्या सुट्टीत फोन केला, उचलला नाही. परत केला, नाही. घरच्या नंबरवर, नाही. लाल बटण दाबून ठेवलं असणार, नेहमीसारखं. असणारच.

चार वाजून गेल्यावर त्यांचाच आला. आधी नुसता वारा. एवढा की मी फोन कानापासून लांब धरला. मग त्या, ओरडून:

"मी आत आहे."

आत म्हणजे छपराखाली. म्हटलं, बाहेर या, आत्ताच्या आत्ता. ऐकूच गेलं नाही. किंवा गेलं.

"आवाज करतंय ते, फ्राउ याधाव. वर-खाली करतंय."

करणारच. पातळ छप्पर वाऱ्यात श्वास घेतं, आकड्यांत आहे ते. सांगितलं ओरडून. पट्ट्या?

"अंधार आहे. टॉर्च पडला."

मग एकदम वेगळ्या, शांत आवाजात: "माझ्याकडे दुसरा आहे."

"काय दुसरा?"

"दांडा. होर्स्टचा जुना. तळघरात होता. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

तोंडचं पाणी पळालं. तिथं चार स्क्रू, तिच्या हातात दांडा, वर सगळा समुद्र कोसळतोय, आणि मी इथं बर्लिनमध्ये सहाव्या मजल्यावर. ओरडून हुकूम सोडता आला असता. सोडला असता तर तिनं फोन ठेवला असता, मला माहीत आहे तिचा स्वभाव. म्हटलं, "फटीत बोट जातंय का?"

वारा. वारा.

"जातंय. आता अडकलं. आता परत जातंय."

"अहो, बोट काढा आधी!" हे मराठीत ओरडले. शेजारच्या टेबलावरचा उठून उभा राहिला.

बहुतेक काढलं. धातूचा काहीतरी आवाज झाला, दांडा स्क्रूत घातल्याचा की जमिनीवर ठेवल्याचा, देव जाणे. विचारलं, दांडा कुठे आहे? फ्राउ हार्म्स, दांडा कुठे आहे?

त्या म्हणाल्या, "तुमचे वडील हात मागं बांधून उभे राहायचे ना?"

"हो."

"मी तशीच उभी आहे."

आणि फोन कट. हात मागं, म्हणजे स्क्रूवर नाहीत. परत लावला, लागत नाही. अग्निशमन दलाला लावला, एंगेज. प्रो.ना सांगितलं, ते लावतायत. बाबांना केला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "बाई किती वर्षांच्या आहेत?"

रोस्टॉकच्या पुढं गाड्या बंद आहेत म्हणे. तरी स्टेशनवर चाललेय, जिथवर जाईल तिथवर.